साखळीच्या पलीकडचं घर

फर्ग्युसन म्हटलं की मराठी माणसाला पुण्यातला रस्ता आणि कॉलेज आठवतं. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसनचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. विल्यम फर्ग्युसन नावाच्या एका जमीनमालकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेला दहा एकर जमीन दिली आणि बदल्यात स्टेशनला स्वतःचं नाव लावून घेतलं. गाव पुढे त्या स्टेशनाभोवती वाढलं. सेंट लुईस शहराच्या वायव्येचं हे शांत, दाट झाडीचं उपनगर. त्याला लागूनच किनलॉक. फर्ग्युसनमध्ये गोरे राहत, किनलॉकमध्ये कृष्णवर्णीय. दोन्ही गावांना जोडणारा मुख्य रस्ता १९६०च्या दशकातही साखळी लावून, बांधकामाचं सामान टाकून अडवलेला असे. दुसरा एक रस्ता मात्र दिवसा उघडा ठेवत. कारण उघड होतं. फर्ग्युसनच्या घरांतली झाडलोट करायला आणि मुलं सांभाळायला किनलॉकच्या बायका त्याच वाटेने येत. दिवेलागणीच्या आत त्यांनी परत जायचं.

अशा गावांना अमेरिकेत ‘सूर्यास्ताची गावं’ म्हणत. समाजशास्त्रज्ञ जेम्स लोवेन यांनी २००५ साली त्यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे ती किती होती आणि किती दूरवर पसरली होती याचा अनेक गोऱ्या वाचकांना पत्ता लागला. कृष्णवर्णीयांना तो आधीपासून होता. त्यांना तो ठेवावाच लागे.

इथे ‘उपनगर’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. मुंबईकराला उपनगर म्हणजे लोकलचं एक स्टेशन; महापालिका एकच, पोलीस आयुक्त एकच. सेंट लुईसचं तसं नाही. १८७६ साली शहराने आसपासच्या ग्रामीण कौंटीपासून कायमची फारकत घेतली. खेड्यापाड्यांचा खर्च आपण का सोसायचा, असा तेव्हाचा विचार. पुढे लोक शहराबाहेर राहायला गेले तेव्हा शहराला आपली हद्द वाढवता येईना, आणि कौंटीत नगरपालिकांचं पीक आलं. त्यांची संख्या नव्वदच्या घरात गेली. काही तर जेमतेम दोन-चार गल्ल्यांच्या. अनेकींचा महापौर वेगळा, पोलीस वेगळे, दंड ठोठावणारं न्यायालयसुद्धा वेगळं. विलेपार्ल्याहून अंधेरीला जाताना हद्द बदलली आणि कायदाही बदलला, अशी कल्पना करून पाहावी.

घर कुठे घ्यायचं, या प्रश्नाचा अर्थ अशा ठिकाणी निराळाच होतो. भाव परवडतो का, शाळा बरी आहे का, कामाला जायला बस आहे का, हे सगळ्यांचेच प्रश्न. सेंट लुईसच्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या यादीत आणखी काही असत. विकणारा आपल्याला विकेल का? बँक कर्ज देईल का? शेजारी खिडक्या फोडतील का? आणि हे सगळं निभावून आत गेलोच, तर गाव आपल्याभोवती किती दिवस टिकेल?

याला एक जुनं उत्तर होतं. आपलं वेगळं गाव करायचं. मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या काठावर, इलिनॉय राज्यात, ब्रुकलिन नावाचं चिमुकलं गाव आहे. प्रिसिला बाल्टिमोर नावाच्या कृष्णवर्णीय बाईने १८२९च्या सुमारास गुलामगिरीच्या मिसूरीतून काही कुटुंबं नदीपार आणून ही वस्ती वसवली, असं परंपरा सांगते. १८७३ मध्ये तिथे रीतसर नगरपालिका झाली. किनलॉकची गोष्ट मात्र उलट्या टोकाने सुरू होते. १८९०च्या दशकात बिल्डरांनी रेल्वेलगत गोऱ्या चाकरमान्यांसाठी तिथे प्लॉट पाडले, आणि त्यांच्या नोकरचाकरांसाठी एक कोपरा राखून ठेवला. कोपऱ्यातल्या लोकांनी हळूहळू जमिनी घेतल्या, दलालांनाही गिऱ्हाईक दिसलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांना जिथे स्वतःच्या नावावर जमीन मिळू शकते असं ठिकाण म्हणून किनलॉकचं नाव झालं.

याच किनलॉकजवळच्या मैदानावर ११ ऑक्टोबर १९१० रोजी माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट विमानात बसले. विमानातून उडालेले ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. त्या विमानांशी किनलॉकची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

तोवर शहरात कायद्याची कुंपणं उभी राहू लागली होती. २९ फेब्रुवारी १९१६ या दिवशी सेंट लुईसच्या नागरिकांनी सार्वमताने एक ठराव मंजूर केला. ज्या गल्लीत तीन चतुर्थांश रहिवासी एका वर्णाचे असतील, तिथे दुसऱ्या वर्णाच्या माणसाने राहायला यायचं नाही. असे वटहुकूम बाल्टिमोर, लुईव्हिल अशा शहरांत आधीच निघाले होते. पण तिथे ते नगरसेवकांनी काढले होते. सेंट लुईसमध्ये लोकांनीच अर्ज करून, मतपेटीतून तो आणला. बाजूने ५२,२२०, विरुद्ध १७,८७७. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिलचा वटहुकूम रद्द केला आणि त्याबरोबर सेंट लुईसचाही निकालात निघाला. आपली जमीन हव्या त्या माणसाला विकण्याचा मालकाचा हक्क हिरावला जातो, हे न्यायालयाचं मुख्य कारण. राहायला येऊ पाहणाऱ्याच्या अब्रूपेक्षा विकणाऱ्याची मालमत्ता न्यायाधीशांच्या नजरेत अधिक भरली, असं म्हणायला जागा आहे.

त्याच १९१७च्या जुलैमध्ये नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईस शहरात गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीय वस्त्या पेटवल्या. दक्षिणेकडच्या राज्यांतून कारखान्यांत कामाला आलेल्या मजुरांवरचा तो राग होता. सरकारी आकड्यानुसार ३९ कृष्णवर्णीय आणि ९ गोरे मेले. खरा आकडा बराच मोठा असावा, असं बहुतेक इतिहासकार मानतात. हजारो बेघर झाले. अनेक कुटुंबं हाताला लागेल ते घेऊन ईड्स पुलावरून चालत सेंट लुईसला आली, म्हणजे वर्षभरापूर्वीच आपल्या गल्ल्या त्यांना बंद करण्याचा कौल देणाऱ्या शहरात.

वटहुकूम गेला, पण गल्ल्या उघडल्या नाहीत. सरकारने काढायचा हुकूम आता शेजाऱ्यांनी आपसात करायचा, एवढाच फरक पडला. खरेदीखतात अट घालायची: ही वास्तू अमुक वर्षं कृष्णवर्णीयांना विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही. शहरातल्या घरदलालांच्या संघटनेने अशा करारांचा छापील मसुदाच तयार केला होता. रिकाम्या जागेत नाव-पत्ता भरायचा, सह्या करायच्या, नोंदणी करायची. एकाने करार मोडला तर दुसरा कोर्टात जाणार, आणि कोर्ट पोलीस पाठवणार. पुढे, १९३४ नंतर, केंद्र सरकारच्या गृहकर्ज हमी योजनेने कोणत्या वस्तीत कर्ज सुरक्षित हे ठरवायला सुरुवात केली, तेव्हा वस्तीचा वर्ण हाच जोखमीचा मोठा निकष झाला.

लॅबडी ॲव्हेन्यूवरच्या ४६०० क्रमांकाच्या घराला १९११च्या कराराने पन्नास वर्षांसाठी अशी अट घातलेली होती. अट फक्त कृष्णवर्णीयांसाठी नव्हती. ‘मंगोल वंशाचे’ लोकही त्या एकाच वाक्यात बसवले होते. १९४५ साली हे विटांचं, दोन कुटुंबांसाठी बांधलेलं घर जे. डी. शेली आणि एथेल ली शेली या जोडप्याने घेतलं. दोघं मिसिसिपीतलं स्टार्कव्हिल सोडून आलेले, पदरी सहा मुलं, आणि भाड्याच्या खोल्यांत जीव नकोसा झालेला. त्यांचे पाद्रीच घरांची दलाली करत. त्यांनी एका गोऱ्या बाईच्या नावावर घर आधी घेतलं आणि मग ते शेलींना विकलं. अटीबद्दल शेलींना काहीच माहीत नव्हतं. दहाएक चौक पलीकडे राहणाऱ्या लुई आणि फर्न क्रेमर या दांपत्याला माहीत होतं. ते कोर्टात गेले.

खालच्या कोर्टाने शेलींच्या बाजूने निकाल दिला, पण कारण तांत्रिक होतं: गल्लीतल्या सगळ्या मालकांच्या करारावर सह्या नव्हत्या. मिसूरीच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. मग शहरातल्या कृष्णवर्णीय दलालांनी एकत्र येऊन पैसा उभा केला. जेम्स बुश हे त्यांतले पुढारी. त्यांची मुलगी मार्गारेट बुश विल्सन स्वतः वकील होती आणि पुढे नागरी हक्कांच्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय संघटनेच्या मंडळाची अध्यक्ष झाली. खटला लढवला जॉर्ज व्हॉन या वकिलांनी. ३ मे १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध शून्य असा निकाल दिला. नऊ न्यायाधीशांपैकी तिघं सुनावणीला बसलेच नव्हते. त्यांनी कारण सांगितलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरांवरही अशाच अटी असाव्यात, हा तर्क तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे.

निकालातली मेख बारकाईने पाहण्यासारखी आहे. खाजगी करार बेकायदा ठरला नाही. तो अमलात आणायला सरकारचं न्यायालय मदत करणार नाही, इतकंच ठरलं. म्हणजे शेली कुटुंब घरात राहिलं, आणि मनाई करणाऱ्या ओळी हजारो खरेदीखतांत तशाच राहिल्या. तरी शहराचा पश्चिम भाग हळूहळू मोकळा झाला. लॅबडीच्या शेजारच्या ‘द व्हिल’ वस्तीत कृष्णवर्णीय डॉक्टर, शिक्षक, नर्सेस आधीपासून राहत. तिथेच १९३७ मध्ये होमर जी. फिलिप्स हे रुग्णालय झालं होतं. देशभरातले कितीतरी कृष्णवर्णीय डॉक्टर तिथे घडले. रॉक अँड रोलचा आद्य पुरुष चक बेरी याच वस्तीतला.

ज्यांना शहराच्या बाहेर पडायचं होतं, त्यांचं काय? १९४०च्या दशकात चार्ल्स व्हॅटरॉट या बिल्डरने कौंटीत सेंट ॲन नावाचं उपनगर गोऱ्या कॅथलिक कुटुंबांसाठी वसवलं. सरकारी हमी होती, त्यामुळे स्वस्त कर्ज होतं. हा गृहस्थ पुढे कृष्णवर्णीयांसाठीही वेगळी वसाहत बांधायला निघाला. त्या काळात हे धाडसच. पण त्या वसाहतीला सरकारी हमी मिळाली नाही. घरं हप्त्यांच्या करारावर विकावी लागली, आणि त्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी गिऱ्हाइकाकडे येत नसे. मध्येच एखादा चुकला, तर भरलेलं सगळं पाण्यात. दोन कामगार, सारखाच पगार, एकाच बिल्डरची घरं. वीस वर्षांनी एकाकडे विकायला घर असतं; दुसऱ्याकडे पावत्या.

शहराने स्वतःही घाई केली. मध्यवर्ती भागातली मिल क्रीक व्हॅली ही जुनी वस्ती गलिच्छ ठरवून १९५९ मध्ये पाडायला घेतली. सुमारे वीस हजार माणसं, जवळपास सगळी कृष्णवर्णीय. घरं होती, चाळीसहून अधिक चर्च होती, दुकानं होती. पाडल्यानंतर जमीन इतकी वर्षं मोकळी पडून राहिली की लोकांनी तिला ‘हिरोशिमा फ्लॅट्स’ असं नाव ठेवलं. काही कुटुंबं ३३ इमारतींच्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीत गेली. १९५४ मध्ये तिथे माणसं राहायला आली, १९७२ मध्ये सुरुंग लावून ती पाडायला सुरुवात झाली. तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय की इथे थांबायची गरज नाही. वेधक कथा आहे ती ज्यांनी स्वतःच्या पैशाने जागा शोधली त्यांची.

होमर फिलिप्स रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ हॉवर्ड व्हेनेबल हे त्यांतले एक. त्यांनी १९५६ मध्ये क्रेव्ह कूर या ऐटबाज उपनगरात घर बांधायला काढलं. पैसा स्वतःचा, हुद्दा मोठा. शेजाऱ्यांनी आधी प्लॉट विकत मागितला, डॉक्टरांनी नकार दिला. मग नगरपालिकेला अचानक जाणवलं की गावाला बागेची फार गरज आहे, आणि बाग नेमकी याच जागी हवी. भूसंपादन झालं. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, तरी जागा गेली. त्यांच्या त्या घराचं बागेचं क्लबहाउस झालं. साठेक वर्षांनी गावाने चूक मान्य केली आणि बागेला व्हेनेबल यांचंच नाव दिलं. ज्याला राहू दिलं नाही त्याच्या नावाच्या बागेत आता मुलं खेळतात.

मॅकडॉनेल विमान कंपनीतले एक कृष्णवर्णीय इंजिनिअर १९६२ मध्ये कर्कवूड उपनगरात राहायला गेले. पुढे, १९७० साली, नागरी हक्क आयोगापुढे त्यांनी जी साक्ष दिली ती कुठल्याही समाजशास्त्राच्या पुस्तकापेक्षा स्पष्ट आहे. ते आले तेव्हा गल्ली गोरी होती: रस्ता वेळेवर झाडला जाई, कचरा नीट उचलला जाई, दिवे चालू असत, पोलिसांची गस्त असे. शेजारी एकेक करून गेले, गल्ली कृष्णवर्णीय झाली, आणि या सगळ्या सोयी एकेक करून त्यांच्यामागे गेल्या. घर तेच, कर तोच. हिशेबात आता भाव आणि शेजाऱ्यांच्या जोडीला नगरपालिकेचा झाडूही आला.

१९६८ हे वर्ष सगळ्या देशासाठी मोठं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घरांच्या बाबतीत भेदभाव करायला बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आला, तो पुन्हा सेंट लुईस कौंटीतलाच होता: पॅडॉक वुड्स या वसाहतीत बिल्डरने जोसेफ ली जोन्स यांना कृष्णवर्णीय म्हणून घर नाकारलं होतं. न्यायालयाने त्यासाठी १८६६ सालचा, धूळ खात पडलेला कायदा शोधून काढला आणि खाजगी विक्रेत्यालाही तो लागू केला. त्याच सुमारास फर्ग्युसनची साखळी निघाली.

कुंपणाला नवी युक्ती सापडायला वेळ लागला नाही. १९६९ मध्ये चर्चच्या काही मंडळींनी कौंटीच्या उत्तर भागात, ब्लॅक जॅक नावाच्या वस्तीत, मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या मिश्र वर्णाच्या कुटुंबांसाठी इमारती बांधायची योजना आणली. तिथल्या रहिवाशांनी १९७०च्या ऑगस्टमध्ये घाईघाईने नगरपालिका स्थापन केली, आणि ऑक्टोबरमध्ये नव्या बहुकुटुंबी इमारतींना बंदी घातली. नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता. १९७४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की उल्लेख नसला तरी परिणाम दिसतो, आणि तो पुरेसा आहे. निकाल गाजला. ती वसाहत मात्र तिथे कधीच उभी राहिली नाही.

आणि किनलॉक? १९३७ मध्ये त्याच्या शेजारच्या गोऱ्या रहिवाशांनी बर्कली नावाची नगरपालिका काढली होती. शाळा वेगळ्या करणं हा त्यामागचा मुख्य हेतू. कर देणारी मालमत्ता बर्कलीत गेली, मुलं किनलॉकमध्ये उरली. १९४८ मध्ये किनलॉकचीही नगरपालिका झाली. महापौर आपला, पोलीस आपले, शाळेचं मंडळ आपलं. तिथे वाढलेली माणसं अजूनही हे अभिमानाने सांगतात. १९७५ मध्ये केंद्रीय न्यायालयाने किनलॉक, बर्कली आणि फर्ग्युसन-फ्लोरिसंट यांच्या शाळा एक केल्या. त्यानंतर आली विमानं. लॅम्बर्ट विमानतळाच्या आवाजाचा त्रास म्हणून १९८०च्या दशकापासून एकेक घर विकत घेतलं गेलं, पाडलं गेलं. २०१०च्या जनगणनेत किनलॉकमध्ये २९८ माणसं उरली होती. गल्ल्या आहेत, नावाच्या पाट्या आहेत. मध्ये रान माजलंय.

किनलॉकहून उठलेल्यांपैकी अनेकांना जवळचा पर्याय फर्ग्युसनचाच होता. शहरातून निघालेल्यांनाही. घरं लहान आणि परवडणारी, अंगण, शाळेची गाडी. गोरी कुटुंबं नदीपलीकडच्या सेंट चार्ल्स कौंटीकडे सरकत होती, त्यामुळे घरं विकायला होती. १९९० मध्ये फर्ग्युसनमध्ये कृष्णवर्णीय एक चतुर्थांश होते, २०१० मध्ये ६७ टक्के. महापौर, बहुतेक नगरसेवक आणि पोलीस मात्र गोरेच. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकेल ब्राउन या अठरा वर्षांच्या निःशस्त्र मुलाला पोलिसाने गोळ्या घातल्या, तेव्हा जगाला या गावाचं नाव कळलं. मार्च २०१५ मध्ये न्याय खात्याचा अहवाल आला. त्यातलं दंडाचं प्रकरण घर शोधणाऱ्यांनी आधीच अनुभवलेलं होतं. सव्वातेरा दशलक्ष डॉलरच्या अपेक्षित महसुलापैकी तीन दशलक्षांहून अधिक रक्कम दंडातून यायची होती. रस्त्यात थांबवलेल्या वाहनचालकांत ८५ टक्के कृष्णवर्णीय, अटक झालेल्यांत ९३ टक्के. कौंटीतल्याच पेजडेलमध्ये तर न जुळणाऱ्या पडद्यांसाठी आणि अंगणात शेगडी पेटवल्याबद्दल दंड व्हायचा. त्यावरून चाललेला खटला २०१८ मध्ये समझोत्याने मिटला. साखळी गेली होती, तिच्या जागी पावतीपुस्तक आलं होतं.

२०२० मध्ये फर्ग्युसनने एला जोन्स यांना महापौर निवडलं. या पदावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. त्याच वर्षीच्या जनगणनेत सेंट लुईस शहराची लोकसंख्या ३,०१,५७८ भरली. १९५० मध्ये ती ८,५६,७९६ होती. पूर्वी गोरे गेले. शेवटच्या दशकात शहर सोडणाऱ्यांत कृष्णवर्णीय आघाडीवर होते. कुणी उत्तर कौंटीत, कुणी आणखी लांब, कुणी थेट अटलांटा किंवा टेक्सासकडे. आजी-आजोबा जी दक्षिण सोडून आले, नातवंडं तिकडेच परत जाताहेत. लॅबडीवरचं शेलींचं घर राष्ट्रीय वारसा म्हणून १९९० मध्ये नोंदलं गेलं, पण आजूबाजूला मोकळ्या जागा वाढत गेल्या.

१६ मे २०२५ च्या दुपारी उत्तर सेंट लुईसवरून चक्रीवादळ गेलं. द व्हिल आणि आसपासच्या वस्त्यांतल्या शंभर वर्षांच्या विटांच्या भिंती ढासळल्या, छपरं उडाली. यातली बरीच घरं आई-वडिलांकडून मुलांकडे आलेली. कर्ज फिटलेलं, त्यामुळे बँकेचा तगादा नाही; आणि तगादा नाही म्हणून अनेकांनी विमाही उतरवलेला नाही. छपरांवर निळी ताडपत्री घालून माणसं पायरीवर बसून राहिली. घर दुरुस्त करायचं, की जागा विकून कौंटीत जायचं, आणि जायचं तर कुठल्या गावात.